पाळण्यातला गाभा

लेकीच्या बारशाला मी तिला आतल्या खोलीत अंगडं घालत होते. बाहेर बायकांचा हशा पिकला. तिला घेऊन येते तर पाळण्यात टोपडं घातलेला, तेलानं निथळणारा माझा दगड!

बाळाआधी पाळण्यात वरवंटा घालायची रीत. पण मिक्सर आल्यापासून आमचा वरवंटा मुधोळच्या जुन्या घरीच पडलेला. सासूबाईंना माझ्या कपाटात चांदीच्या कागदात गुंडाळलेला हा गोल, लांबट दगड सापडला.

जैनथ गावाजवळ पैनगंगेकाठी खोल भोक पाडून काढलेल्या काळ्या खडकाचा तो गाभा होता. दुसरा तुकडा नव्हता. भोक केव्हाच बुजवलं होतं. तो हैदराबादच्या प्रयोगशाळेत न्यायचा होता, माझी पीएचडी त्याच्यावरच होती.

"काऊन रडून राह्यली वं?" शेजारच्या भागीरथाकाकू म्हणाल्या. "तेल लावल्यानं दगड मरते का?"

सासूबाई ओशाळल्या. "इतकं जपून ठेवलं, मले वाटलं बारशासाठीच आनला."

कसं सांगू? फार फार पूर्वी आपल्या या कापसाच्या रानांवर समुद्र होता. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव तरंगायचे, मरून सावकाश तळाशी उतरायचे. देह विरले, पण त्यांच्या अंगातल्या चरबीच्या रेणूंचे सांगाडे खडकात राहिले. त्यांच्या ठेवणीवरून कळतं, पाण्यात नुसते जिवाणू होते की हिरवं शेवाळही आलं होतं. ती चरबी थेंबभरसुद्धा नाही. आणि वर वाटीभर करडई!

दगड पुसावा, नवा कागद गुंडाळावा, गप्प बसावं, असं मनात आलं. पण मग सापडलेली खूण समुद्राची की आमच्या स्वयंपाकघराची?

काकूंच्या फोनवरून माझ्या गाइड मीनाक्षी मॅडमना सगळं सांगितलं.

"कुठलं तेल?"

"करडईचं."

"त्याच डब्यातलं बाटलीभर आण. ते ओळखता आलं, तर वेगळं काढता येईल. साल कापून आत बघू. आत मुरलं असेल तर मात्र संपलं."

तीन महिन्यांनी हैदराबादला गेलो. लेकीला सांभाळायला सासूबाई आल्या, तेलाची बाटली त्यांच्याच पिशवीत. मॅडमनी गाभ्याचे बाहेरून आत तीन थर केले. पहिल्यात करडई भरपूर. दुसऱ्यात पुसट. तिसऱ्याच्या आलेखाचा कागद यंत्रातून हळूहळू सरकत आला तेव्हा लेक माझ्या अंगावर पीत होती, आणि मला वाटलं खोलीत पाणी चढतंय, कोमट, हिरवट, आम्ही तिघी त्यात तरंगतोय.

"करडई नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि हे बघ. शेवाळ."

सपाट रेघेवर एवढीशी टेकडी.

"एवढा समुद्र म्हनते, अन् उरलं इतकुसंच?" सासूबाई कागदावर वाकल्या. "हात लावू?"

"लावा."

त्यांचं बोट रेघेवरून सावकाश निघालं, टेकडीवर चढलं, आणि तिथंच बसून राहिलं.