कोनाड्यातला ग्लास

सकाळी साडेसातला पंचशीलाताईंनी भरली घागर शिवलिंग मास्तरच्या ओसरीवर उतरवली. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, कचेऱ्या आल्या होत्या. पण दुष्काळात नळ कोरडे पडले होते. पाणी होतं ते ताईंच्या बौद्धवस्तीतल्या हापशाला. मास्तरची आई कमलम्मा रोज तिथूनच भरायची. आज तिची कंबर धरली, म्हणून तिची घागर ताईच भरून घेऊन आल्या. त्या नव्या कलेक्टर कचेरीत टायपिस्ट होत्या.

"बसा ताई," शिवलिंग म्हणाला. घरोघरच्या इंग्रजी शब्दांवर तो साप्ताहिकात सदर लिहायचा, आणि ताई ते न चुकता वाचायच्या.

"सर, आता ग्लासवर लिवा की."

मास्तर खुलला. ग्लास म्हणजे मुळात काच. काचेचं नाव भांड्याला पडलं, ते भांडं आपल्याकडं आलं. पुढं काच गेली, नाव तेवढं राहिलं. "आता स्टीलचाबी ग्लासच की."

"तुमच्याकडं कशाचा हाय?"

"आमच्या घरात फुलपात्र म्हणतेत. ग्लास म्हणजे तो काचेचा, कोनाड्यातला. वडलांनी आणलेला, बाहेरच्या..."

तो थांबला. बाहेरचे म्हणजे कोण, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

तेवढ्यात कंबरेवर हात धरून कमलम्मा पाणी घेऊन आली. हातात तोच ग्लास. समोरच्या भिंतीवर बसवेश्वरांचा फोटो होता. शिवलिंगला मान वर करवेना. उठून आतलं फुलपात्र आणायला कितीसा वेळ लागला असता? तो बसून राहिला.

ताईंनी ग्लास उजेडाकडं धरून पाहिला.

"अम्मा, हे मी आणलेलंच पाणी न्हवं?"

"हाव माय. दुसरं कुठलं असतंय घरात?"

ताईंनी ग्लास न पिता टेबलावर ठेवला. "लिवा मग सर. वडलांनी कुणासाठी आणला, तेबी लिवा," म्हणाल्या, आणि कचेरीला निघून गेल्या.

दिवेलागणीला कमलम्मानं विचारलं, "शिवलिंगा, उद्या हापशावर कोण जाणार? माझी कंबर काय सरळ व्हईना."

सदराचा कागद कोराच होता. एवढ्या टंचाईत पाणी फेकवत नव्हतं, आणि त्या ग्लासातून प्यायला त्याचा हात पुढं होत नव्हता. टेबलावरचा ग्लास अजून भरलेलाच होता.