बेटफुलाचं पाणी

कांताबाईच्या भिलाईच्या क्वार्टरात कुंडीमध्ये एक झुडूप होतं, अंदमानच्या बेटांवरचं. त्या बेटांशिवाय जगात कुठंच उगवत नाही म्हणे. जहाजावर वेल्डिंग करणाऱ्या तिच्या पोरानं, नरेशनं, ते गेल्या सुट्टीत आणलं होतं. नाव त्यालाही ठाऊक नव्हतं. कांताबाई त्याला 'माहं बेटफूल' म्हणायची आणि शेजारणींपुढं मिरवायची. मिरवणारच! अख्ख्या सेक्टरात दुसऱ्या कोणाकडं होतं काय?

सून मोनालीला सातवा लागला, म्हणून तिच्या नि बाळाच्या रक्षणासाठी घरी परित्राण पाठ ठेवला होता. बुद्धमूर्तीपुढं पाण्याचा लोटा, त्यात पिंपळाचं पान, लोट्याला बांधून सगळ्यांच्या हातातून फिरवलेला पांढरा दोरा. पांढरी फुलंही हवीत ना! पण उन्हानं मोगरा पार करपलेला. मग कांताबाईनं बेटफुलाच्या पांढऱ्या फुलांनी लगडलेल्या फांद्या मोडल्या आणि लोट्यात खोवल्या. पाठ झाला. भंतेजींनी सगळ्यांच्या ओंजळीत थोडंथोडं पाणी दिलं, आधी मोनालीला, आणि जेवून ते गेले.

कांताबाईनं हौसेनं नरेशला फोटो धाडला. लगेच फोन आला.

"आई, त्या फांद्या पाण्यात कावून टाकल्या वं? कोणी पेलं तर नाही?"

"सगळेच पेलो ना. कावून रे?"

"इकडं अंदमानातले लोक हे झाड ठेचून डबक्यात टाकतात, मासे उलटे होतात! मले आताच समजलं. मोनालीले दवाखान्यात ने, आई, लवकर!"

कांताबाईनं वळून पाहिलं. पलंगावर मोनाली पांढरीफटक, दोन्ही हात पोटावर. कांताबाईनं दवाखान्यात फोन लावला. तिथला डॉक्टर म्हणाला, "पौधे का नाम क्या है? नाम के बिना क्या बताऊँ? ले आइए, देखते हैं."

आता बोला! भिलाईत ते झाड ओळखणारं कोणी होतं तरी काय? रक्षणाच्या पाण्यात आपल्याच हातानं इख कालवलं, नातवाच्या जिवावर उठलो आपण, या विचारानं तिची पाचावर धारण बसली. ऑटो यायचा होता. लोटा अजून अर्धा होता. तिनं तो उचलला आणि घटाघटा रिकामा केला.

"आई! काय करून राहिल्या?" मोनाली किंचाळली.

"मी जास्त पेली तं मले आधी चढन. डॉक्टरले माह्यावर दिसन, मग तुह्यावर बरोबर दवा करतीन."

मोनालीला हुंदकाच फुटला. "मी पेलीच नाही, आई! तोंडाशी नेलं अन् मळमळलं. भंतेजींसमोर फेकू कशी? पदरात टिपून घेतलं. तुमच्या भेवानं बोलली नाही."

"एक थेंबही नाही?"

"बाळाची शप्पथ!"

कांताबाई मटकन बसली, हसली, रडली, सुनेला छातीशी धरून म्हणाली, "बरं केलं वं माय! लई बरं केलं!"

दारात ऑटोचा भोंगा वाजला. कांताबाई उठायला गेली, तर ओठ आपले वाटेनात. आता मात्र ती स्वतःसाठी घाबरली. तिनं मोनालीचं मनगट घट्ट पकडलं.

"पोरी, माह्या तोंडाले मुंग्या येऊन राहिल्या. मले एकटीले सोडू नको."