पत्रकाखालचे नाव

मी एक जुने सायक्लोस्टाइल यंत्र आहे, आणि मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. हॅम्बर्गच्या एका विद्यार्थी वसतिगृहात मी तेरा वर्षे राबले. मेणकागदावर टाइप करायचे, तो माझ्या रुळावर चढवायचा आणि हँडल फिरवायचे, की भराभर प्रती निघत. नाचाची आमंत्रणे छापली तेव्हा सगळे माझे कौतुक करत.

१९६६ साली दोमिंगुश आला. तो अंगोलाचा. तिथे पोर्तुगीज राज्याविरुद्ध लढा पेटला होता, आणि पोर्तुगालला शस्त्रे विकली जात होती ती याच जर्मनीतून! त्याने पत्रक लिहिले. टाइप करायला बसली सावंतवाडीची वसुधा, रसायनशास्त्रात डॉक्टरेट करणारी. गोव्यासाठी तिच्या काकांनी आग्वादच्या तुरुंगात दिवस काढले होते.

इथल्या नियमाप्रमाणे पत्रकाखाली जबाबदार माणसाचे नाव लागतेच. दोमिंगुशचे नाव छापले, तर तिकडे अंगोलात, लुआंडा शहरात, पोर्तुगीज पोलिसांनी त्याच्या आईला उचलले असते. बाकीचे मित्र एकेक करून घड्याळ बघू लागले. वा रे मैत्री!

"मी घालते माझं," वसुधा म्हणाली.

"अगं, वेडी आहेस का?" तिच्याबरोबर शिकणारा दिनकर म्हणाला. "तुझा आउफेन्टहाल्ट पुढच्या महिन्यात संपतोय. आल्झो, म्हणजे राहायची परवानगीच गेली तर थीसिसचं काय?"

"माझी फार तर परवानगी जाईल. त्याची आई जाईल, दिनकर."

तिने नाव टाइप केले, आपल्या रीतीने वडिलांच्या नावासकट: वसुधा गोविंद सामंत. मी चारशे प्रती छापल्या. एकही अक्षर पुसट उमटू दिले नाही.

आठवड्यात परदेशी लोकांना परवानगी देणाऱ्या कचेरीतून वसुधाला बोलावणे आले. हा गोविंद कोण, त्यालाही हजर करा, असे साहेबाने बजावले. बिचारे गोविंदराव सावंतवाडीच्या शाळेत गणित शिकवत होते! तिने परोपरीने सांगितले, तरी साहेबाने कागदावर 'साथीदार' असेच लिहिले. शस्त्रे कोण विकतो, हे विचारायला मात्र कुणाला सवड झाली नाही. वसुधाची परवानगी वाढली नाही. प्रबंधाचे शेवटचे प्रकरण राहिले ते राहिलेच.

जाण्याआधी तिने माझा रूळ स्वच्छ पुसला. दोमिंगुश मान खाली घालून दारात उभा होता.

"माझंच नाव घालायला हवं होतं," तो म्हणाला.

"आधी आईला पत्र लिही," ती म्हणाली.

आता मी तळघरात गंजते आहे. माझे काय, थोडे तेल घातलेत तरी भागेल. पण दुसऱ्याच्या आईसाठी कोणी आपले नाव पुढे केले, तर त्या माणसाला जपा, मित्रांनो. त्या पत्रकाखाली अजून दहा नावे सहज मावली असती.