बांधावरचा टॉवर

लष्करातून सुभेदार होऊन कृष्णात आष्ट्याला परतला, आणि वर्षभरात एका वीज कंपनीनं त्याला केनियाला नेलं. आपल्या कंपन्या आता परमुलखातही विजेच्या लाइनी ओढतात, याचा त्याला मोठा अभिमान वाटला. ज्यांच्या रानात टॉवर येणार त्यांना राजी करायचं, हे त्याचं काम. मोडक्यातोडक्या स्वाहिलीत तो सांगायचा, "मीही शेतकरीच. माझ्या रानात टॉवर आला असता तर मी एका शब्दात हो म्हटलं असतं." हे तो इतक्या मनापासून म्हणायचा, की माणसं विरघळायची. कंपनीनं त्याचा फोटो आपल्या पुस्तिकेत छापला.

अडून बसली होती एकटी वांजिरू. तिच्या मक्याच्या मधोमध टॉवर येत होता. बांधावर घ्या, एवढंच ती म्हणे. नकाशा बदलत नाही, असं कृष्णातनं तिला तीनदा समजावलं.

त्याच आठवड्यात बायकोचा, शालूबाईचा फोन आला.

"आवं, आपल्या उसात टॉवर येतोय. बरोब्बर मधी. तुमच्याच कंपनीचा."

"बांधावर घ्या म्हणावं."

"म्हणलं की. सायेब म्हणतोय, नकाशा बदलत न्हाई."

"नकाशा काय देवानं काढलाय व्हय?" कृष्णात कडाडला.

पुढं साहेबानं, म्हणजे जयराजनं, तिला ती पुस्तिकाच दाखवली. हा बघा आपला माणूस, परदेशात लोक याचं ऐकतात. शालूबाईनं फोटो नीट न्याहाळला आणि म्हणाली, "ह्यालाच हितं आणा. मग बोलू." सातबारा सासऱ्यांच्या नावावर, त्यामुळं जयराजला काही कळायचं कारण नव्हतं. आठ दिवसांत कंपनीनं कृष्णातला विमानानं आणून त्याच्याच उसात उभं केलं.

"बोला सायेब," शालूबाई पदर सावरत म्हणाली.

"मीही शेतकरीच," कृष्णातनं सुरुवात केली. "माझ्या रानात..."

"मग? तुमच्या रानात काय?"

त्यानं टॉवरसाठी ठोकलेल्या खुंट्या पाहिल्या, पावलं टाकून अंतर मोजलं आणि जयराजकडं वळला. "बांधावर बसतोय की. तिकडं आमी असंच करतो." ही शुद्ध थाप होती.

जयराजनं खुंट्या बांधावर हलवायला सांगितल्या. तेवढ्यात शालूबाई म्हणाली, "आवं, आता जेवायला घरी चला. सायबांनाबी घ्या." जयराज दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. पण काम मार्गी लागलं होतं. त्यानं अहवालात एवढंच लिहिलं, की टॉवर बांधावर घ्यायची केनियातली पद्धत इथं यशस्वी झाली.

वरच्या साहेबांना ती पद्धत फार आवडली. केनियात सगळीकडं ती काटेकोर पाळावी, असा हुकूम कृष्णातच्या आधी तिकडं पोचला.

कृष्णात वांजिरूकडं गेला. "नकाशा बदलला," खाली बघत तो म्हणाला.

"तुझ्या साहेबांना कुणी समजावलं?"

"माझ्या बायकोनं."

यात विचारण्यासारखं काय होतं, अशी मान हलवून वांजिरू मक्यात खुरपायला निघून गेली.