चॅनल एकवरची बाई

वॉकीटॉकीची कल्पना आमच्या लेकीची, मेघालीची. ती पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर डोंगरात डब्या शोधत हिंडते. कुणीतरी एक हवाबंद डबी डोंगरात लपवून ठेवतं आणि जागेचे आकडे एका अ‍ॅपवर टाकतं. बाकीच्यांनी ते आकडे फोनमध्ये घालून डबी हुडकायची. आत एक चिमुकली वही असते, तिच्यात नाव लिहायचं, डबी होती तशी ठेवायची आणि घरी यायचं. मिळत काहीच नाही. हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असं मी तिला स्पष्ट सांगितलं होतं. मग मी निवृत्त झालो आणि तीन महिन्यांत मलाच त्याचं वेड लागलं. यावर चित्रा, म्हणजे माझी बायको, फक्त हसली.

चित्रा बरोबर येते. तिचे गुडघे कुरकुरतात, पण येते. मी पुढे आणि ती मागे, हा आमचा लग्नापासूनचा क्रम. डोंगराच्या आडोशाला फोनची रेंज जाते, म्हणून मेघालीने वॉकीटॉकीची जोडी पाठवली आणि फोनवर तासभर शिकवणी घेतली. "बाबा, चॅनल बदलून घ्या. खोक्यातून काढला की सगळ्यांचा एकवरच असतो. बोलताना बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं. आणि बोलायच्या आधी समोरच्याचं नाव घ्यायचं, मग आपलं."

"आम्ही काय पोलीस आहोत?" मी म्हटलं. चित्राने तर हातच जोडले. तेहेतीस वर्षांत तिने माझं नाव उखाण्याबाहेर घेतलेलं नाही, आणि मीही तिच्याशी बोलताना 'अगं'च्या पुढे कधी गेलेलो नाही. आम्हाला 'अहो' आणि 'अगं' पुरेसं होतं. चॅनलही एकवरच राहिला.

माझ्या आवाजाबद्दल आधीच सांगून टाकतो. मानपाड्याच्या कारखान्यात मी तीस वर्षं सुपरवायझर होतो. मशीनच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचं. घरी आल्यावरही तो आवाज खाली आला नाही. मी तापट आहे, पण मनात काही ठेवत नाही, असं मी लोकांना मोठ्या कौतुकाने सांगत असे. मनात काही राहत नाही ते फक्त माझ्या, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलेलं नव्हतं.

जानेवारीतला रविवार होता. शिळफाट्याच्या अलीकडे जो बोडका डोंगर दिसतो, त्याच्या माथ्यावर एक डबी असल्याचं अ‍ॅप सांगत होतं. आम्ही मानपाड्याच्या बाजूने चढायला लागलो. अर्ध्या वाटेवर एक उंबर आहे. तिथे वाट फुटते. डावी वर जाते, उजवी खाली गावात उतरते. मी उंबर ओलांडला तेव्हा चित्रा बरीच मागे होती. मी वॉकीटॉकीवरून तिला सूचना देत होतो. लवकर पाय उचल, पाणी सारखं पिऊ नकोस, बूट नीट बांधले नाहीस का, वगैरे.

माथ्यावर पोचलो तर तिथे जनी नावाची एक म्हातारी शेळ्या घेऊन बसलेली. मी खडकांच्या कपारीत हात घालतोय हे बघून तिने विचारलं, "काय हरवलाय?"

"डबी."

"कसली?"

"माझी नाही. दुसऱ्याची."

तिने मान हलवली आणि शेळ्यांकडे वळली. मी गुडघ्यांवर बसून एका फटीत खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना प्लास्टिक लागतंय न लागतंय तोच कमरेचा वॉकीटॉकी खरखरला.

"अहो, पत्र्याची शेड गेली मागे. इथे दोन वाटा आहेत. डावीकडची घेऊ का?"

माझं डोकं सटकलं. दुसऱ्या हाताने बटण दाबून मी ओरडलो, "घे की! प्रत्येक गोष्ट विचारलीच पाहिजे का? डोकं दिलंय ना देवाने? डावी घे आणि सरळ चालत ये. मधे थांबू नकोस."

थोडा वेळ खरखर झाली. मग, "बरं."

मी पुन्हा फटीत हात घातला. डबी आणखी आत सरकली होती. तिच्याशी झटापट चाललेली असताना मागून आवाज आला, "सापडली का?"

वळून पाहिलं तर चित्रा. घामाघूम, कमरेवर हात ठेवून उभी.

"तू एवढ्यात कशी पोचलीस? आत्ता तर वाट विचारत होतीस."

"मी? मी कुठे काय विचारलं?" तिने गळ्यातला वॉकीटॉकी वर करून दाखवला. दिवा विझलेला होता. "उंबराच्या आधीच बंद केलाय मी. सारखे खेकसत होतात त्यातून."

"मग ती कोण होती?"

"कोण?"

खरं सांगतो, मला पहिल्यांदा हसू आलं. परक्या बाईला झापलं म्हणून. चित्राला मी तो किस्सा सांगायला लागलो आणि पत्र्याच्या शेडवर येऊन अडखळलो. आमच्या वाटेवर पत्र्याची शेड नव्हतीच. ती बाई शेड म्हणाली, हे मी ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. चित्राचं बोलणं मी असंच ऐकतो.

जनी उठून उभी राहिली. "पत्र्याची शेड? ती पलीकरं हाय, शिळच्या अंगाला. तिथशी डावीला धाडलीस तू तिला?"

"हो. का?"

"डावी खदानीव जातं बाबा. जातं न् तिथंच सरतं. गवतान करा दिसं नाय. माझी एक शेली गेली तिथं."

"कड्याखाली किती खोल आहे?" चित्राने विचारलं.

जनीने माथ्यावरच्या विजेच्या खांबाकडे बोट केलं. "असं तीन."

मी बटण दाबलं. "हॅलो! हॅलो! कोण बाई आहेत त्या? थांबा! तिकडे वाट नाही, तिकडे खदान आहे! ऐकताय का? कृपा करून थांबा! मघाशी मी चुकून बोललो, मला वाटलं आमची मिसेस आहे. हॅलो! उत्तर द्या ना!"

चित्राने माझ्या अंगठ्यावर फटका मारला. "बटण सोडा आधी! तुम्हीच बोलत राहिलात तर तिचं ऐकू कसं येणार?"

मी बटण सोडलं. नुसती खरखर. मी पलीकडच्या कड्याशी धावलो. खाली उतारभर वाळलेलं गवत, पुरुषभर उंच, आणि त्यात माणूस म्हणून कुणी दिसत नव्हतं. एका उंच खडकावर चढून मी यंत्र डोक्यावर धरलं. तेव्हा आवाज आला, तुटत तुटत.

"अहो... मधेच कुणीतरी दुसरे बोलतायत... तुमचंच ऐकू येत नाही. मी येतेय. गवत फार आहे."

"ताई, मी तोच!" मी ओरडलो. "मघाशी मीच सांगितलं होतं! तुमचे मिस्टर नव्हते ते! थांबा!"

बटण सोडलं तेव्हा तिचं वाक्य संपत आलं होतं. दोघांनी एकदम बटण दाबलेलं, त्यामुळे कुणाचं कुणालाच ऐकू गेलं नाही. "...थांबत नाहीये मी. चालतेय. रागावू नका."

चित्रा खडकाखाली उभी होती. ते 'रागावू नका' तिनेही ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला नीट सांगता येणार नाही, पण तेव्हापासून ते माझ्या डोळ्यांसमोरून हललेलं नाही.

"ताईबिई म्हणून ती थांबणार नाही," चित्रा म्हणाली. "तिला वाटतंय दुसरं कुणी कुणाशी तरी बोलतंय. मघाशी बोललात तसं बोला."

"कसं?"

"माझ्याशी बोलता तसं."

मी बटण दाबलं. चित्रा माझ्याकडे बघत होती. जन्मात पहिल्यांदा मला तिच्यासमोर ओरडायची लाज वाटली. खाली कुठेतरी ती बाई पावलं टाकत होती. मी डोळे मिटले.

"अगं, थांब म्हणतो ना! एकदा सांगितलेलं कळत नाही का? अक्कल गहाण टाकलीस? आहेस तिथे खाली बस! एक पाऊल पुढे टाकलंस तर याद राख!"

बटण सोडलं. वारा आणि खरखर. मी मनातल्या मनात आकडे मोजत होतो, पाचाच्या पुढे जाईनात. सहा येईचना.

"बरं," आवाज आला. "बसले."

जनी काठी घेऊन केव्हाच उतरायला लागली होती. आम्ही तिच्या मागे निघालो. वाट अशी नव्हतीच, घसरत, गवत धरत, ढुंगणावर बसत उतरायचं. चित्राच्या गुडघ्यांचं मला भान नव्हतं. तीही मागे राहिली नाही. मधूनमधून यंत्र बोलायचं.

"अहो, मुंग्या आहेत इथे. उठू का?"

"बस म्हटलं ना! मुंग्या काय खाऊन टाकतायत तुला?"

पुन्हा दोन मिनिटांनी, "थोडं पुढे सरकले तर चालेल का? समोर मोकळं दिसतंय."

"खबरदार! हलायचं नाही! तंगडी मोडून ठेवीन!" असं मी चित्रालाही कधी बोललेलो नव्हतो. बोललो आणि माझे डोळे भरून आले. तिला खरं सांगितलं असतं, परका माणूस आहे, खदान आहे, तर ती घाबरून ताडकन उठली असती. कुठल्या बाजूला पळाली असती कोण जाणे. वीस मिनिटं मी एका अनोळखी बाईला असं वाट्टेल ते बोलत उतरत होतो, आणि ती प्रत्येक वेळी 'बरं' म्हणत होती. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्याचीच मला जास्त भीती वाटायला लागली.

गवतात आधी टोपी दिसली. साठीची बाई, पंजाबी ड्रेस, पायात नवे स्पोर्ट्स शूज, मांडीवर पर्स घेऊन शाळेतल्या मुलीसारखी बसलेली. जनीने आम्हाला हाताने मागेच थांबवलं, बाईच्या मागून जाऊन तिचा दंड धरला आणि काठी पुढच्या गवतात घातली. दोन हातांच्या अंतरावर काठी थेट खालीच गेली. गवत होतं, खाली जमीन नव्हती. जनीच्या पायाखालून एक दगड सुटला आणि बऱ्याच वेळाने पाण्यात पडल्याचा आवाज आला.

बाईने तो आवाज ऐकला. ती किंचाळली नाही. जनीने ओढलं तशी मागे आली, चित्राने तिला पोटाशी धरलं, आणि मग ती थरथरायला लागली.

"मीच बोलत होतो," मी म्हटलं. "मघापासून मीच. तुमचे मिस्टर नव्हते. चूक माझी आहे. माफ करा मला."

त्यांचं नाव गोदा. ठाण्याला, बाळकुमला राहतात. त्यांच्या जावयानेही डब्या शोधायला म्हणून तसलीच वॉकीटॉकीची जोडी दिली होती आणि त्यांचाही चॅनल खोक्यातून निघाला तसाच एकवर होता. त्यांना घेऊन आम्ही शेडपाशी आलो, तर त्यांचा नवरा, सहदेव, उजव्या वाटेने धापा टाकत परत येत होता. पंधरा पावलांवरूनच त्याने सुरुवात केली.

"कुठे तडमडली होतीस? माझं चार्जिंग संपलं, मी तासभर बोंबलतोय. एक गोष्ट हिला धड जमेल तर शपथ!"

तो आवाज ऐकून मला आरशात बघितल्यासारखं झालं. मी पुढे होऊन सगळं सांगितलं, काही न लपवता. खदानीचं ऐकून तो मटकन खाली बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. माणूस वाईट नव्हता. मग त्याने बायकोला विचारलं, "पण तुला माझा आवाज ओळखू येऊ नये?"

गोदाताई ओढणीला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत होत्या.

"आवाज वेगळा वाटला होता," त्या म्हणाल्या. "बोलणं तुमचंच होतं."

जनी शेळ्यांच्या काळजीने वर निघून गेली. ते दोघं शिळच्या बाजूला उतरले, आम्ही डोंगराला वळसा घालून मानपाड्याकडे निघालो. डबी वरच राहिली.

उतारावर चित्रा पुढे होती. मघाच्या घसरण्यात तिचा गुडघा दुखावला होता, एक पाय ती जपून टाकत होती. मी तिच्या बरोबरीने आलो. हळू आवाजात म्हटलं, "दुखतंय का फार? थांबू या थोडं. घाई नाही काही."

ती गर्रकन वळली. तिचा चेहरा उतरला होता. तिने आधी माझ्या कपाळाला हात लावला, मग छातीला.

"अहो, काय होतंय तुम्हाला? छातीत दुखतंय का? घाम का आलाय एवढा? आधी खाली बसा बघू!"

मला काहीही होत नाहीये, असं मी तिला दोनदा सांगितलं, तेही तितक्याच हळू. त्याने ती आणखीच घाबरली.