ब्लाझेना सेक्रेटरी होते

१९६८च्या एप्रिलमध्ये माझी बायको ब्लाझेना आमच्या गावच्या कम्युनिस्ट पक्षाची सेक्रेटरी झाली. तिनं ते पद मागितलं नव्हतं.

भांडण दुसऱ्याच दोघांचं होतं. कॉम्रेड ह्रुश्का बारा वर्षं खुर्चीला चिकटलेले, आणि काचकारखान्याचे उपसंचालक स्टेयस्काल यांचा त्याच खुर्चीवर डोळा. प्रागमध्ये वरची कडक माणसं जाऊन मवाळ आली, तसं आमच्याकडेही ठरलं की या खेपेला मतदान गुप्त. तोवर आम्ही नुसता हात वर करायचो आणि घरी जायचो.

ब्लाझेना अकरा वर्षं सभांची टिपणं लिहीत होती. कोण कधी काय बोललं, तिला पाठ.

सोमवारी ह्रुश्का सॉसेजची माळ घेऊन आमच्या स्वयंपाकघरात हजर.

"ब्लाझेना, तू मला मुलीसारखी. ते लेखकांना खाणीत धाडा म्हणालो होतो ना मी, ते वहीत आहे का गं?"

"आहे की. तारखेसकट."

"अगं, गमतीत म्हणालो होतो!"

"मग तसं लिहू? कंसात?"

मंगळवारी स्टेयस्काल आले, प्लमची घरची दारू घेऊन.

"ह्रुश्कांच्या साठीला मी भाषण केलं होतं बघ..."

"हो. त्यांना 'आमचा सूर्य' म्हणालात."

"खोड ना तेवढं!"

"शाईनं लिहिलाय हो सूर्य."

मी हसू दाबायला शेगडीत उगाचच लाकडं सारत बसलो.

शनिवारी सभा भरली. दोघांनी तासभर एकमेकांची उणीदुणी काढली. तेवढ्यात मागून काचेला पैलू पाडणारी लुडमिला ओरडली, "ब्लाझेनाला करा की सेक्रेटरी! दर सभेत ती एकटीच जागी असते!"

सगळा हॉल खदखदून हसला. अनुमोदन कोणाचं, असं विचारताच ह्रुश्कांचा हात वर. ती उभी राहिली की स्टेयस्कालना मिळणारी बायकांची मतं तुटतील, हा त्यांचा हिशेब. लगोलग स्टेयस्कालचाही हात वर, कारण ह्रुश्कांना मिळणारी म्हाताऱ्यांची मतं तुटतील. पुढे दोघांनी हे वेगवेगळं माझ्यापाशी कबूल केलं.

ब्लाझेनानं वही मिटली. माझ्याकडे वाकून म्हणाली, "अरे, उभी राहू?"

"राहा. हरलीस तर घरी सॉसेज आहे."

ह्रुश्का एकवीस. स्टेयस्काल सतरा. ब्लाझेना त्र्याऐंशी.

मग लुडमिला बाकावर चढली, बायका रडायला लागल्या, आणि कारखान्यात भट्टीवर काम करणाऱ्या माझ्या सोबत्यांनी मलाच उचललं, जसा काही मीच निवडून आलो होतो. ब्लाझेना मंचावर गेली आणि खोकली.

"आधी खिडक्या उघडा. सिगारेटच्या धुरात एकाचंही तोंड दिसत नाहीये."

मग स्टेयस्कालनं स्वतःच्या विजयासाठी बोलावलेला बँड तिथे नुसता का बसेल? पोल्काचा नाच सुरू झाला. ह्रुश्कांनी तोंड पाडूनच ब्लाझेनाला नाचायला बोलावलं आणि दुसऱ्या फेरीला तेही हसू लागले.

जूनमध्ये तिनं पक्षाच्या कचेरीतल्या पाहुण्यांच्या खोल्यांत बालवाडी काढली. ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे आले, जुनी कडक माणसं परतली आणि थंडी पडायच्या आत तिला पदावरून काढलं. नवा सेक्रेटरी बालवाडी हलवायला गेला, तेव्हा चाळीस पोरं जेवून ओळीनं झोपली होती. तो चवड्यांवर चालत बाहेर आला आणि पुन्हा विषय काढला नाही.

बालवाडी अजून तिथेच आहे.