नाचघरातली गादी

भिंतीपाशी गालिचा जरा उचलला गेला होता आणि खालून लाकडाची अरुंद फळी दिसत होती... मधाच्या रंगाची, टाचांनी घासून गुळगुळीत झालेली. तिने नकळत चपलेचं टोक त्यावर टेकवलं. म्हणजे जमीन तीच. वर गाद्यांचं दुकान आलं होतं, खाली अजून नाचघरच होतं.

"धाकटे, ही बघ!" भावोजी पलीकडून ओरडले. तरुणपणी ड्रम बडवून त्यांचे कान गेले होते. सगळ्या जगाशी ते ओरडूनच बोलत. "हवेची गादी. ताईच्या पाठीला हीच बरी."

ताई उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली. पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या. जिच्या पाठीकडे हा अख्खा हॉल वळून बघायचा, ती पाठ – तिने विचार तिथेच तोडला.

शनिवारी संध्याकाळी दोघी बहिणी इथे यायच्या. ताई नाचायची आणि ती कडेच्या खुर्चीवर ताईची पर्स मांडीवर घेऊन बसायची. समोर बँड, ड्रमवर कुरळ्या केसांचा तो – तेव्हा तो कुणाचाच भावोजी नव्हता. एकदा बँड विसावला, नुसता पियानो वाजत राहिला, तेव्हा तो खाली उतरून सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "येतेस नाचायला?" आणि ती एवढंच म्हणाली, "ताईला विचारा." तिला म्हणायचं होतं, ताईची परवानगी घ्या. त्याने जाऊन ताईलाच नाचायला विचारलं...

मग त्यांचं लग्न. मग रेकॉर्डी आल्या, बँडला कायमची सुट्टी मिळाली, भावोजी शाळेत गाणं शिकवू लागले. हॉलचा डिस्को झाला – अंधार, फिरते दिवे, पोटात घुमणारे ठोके – आणि एक दिवस तोही बंद पडला. ती मात्र आलेली स्थळं नाकारत राहिली. कारण विचारलं की हसण्यावारी न्यायची.

"मावशी, तुम्हीच पडून बघा ना," दुकानातली मुलगी म्हणाली. "पेशंट तुमच्याच अंगकाठीच्या आहेत ना?"

ती आडवी झाली. पंप सुरू झाला. भावोजी शेजारच्या स्टुलावर टेकले आणि छताकडे बघत, चक्क हळू आवाजात म्हणाले, "तू इथे कधी नाचली नाहीस, नाही का गं? मला वाटायचं, ही पोरगी नुसती बसून काय राहते. तुला कुणी विचारलंच नाही कधी?"

तिने त्यांचा चेहरा निरखला. चेष्टा नव्हती, आडपडदा नव्हता. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "कुणीच नाही."

आणि म्हटल्यावर ते खरं होऊन बसलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ती संध्याकाळ तिघांत आहे. न बोलता तिघांनीही जपलेली. पण ती एकटीच सांभाळत होती; त्याने आधी कुणाला विचारलं होतं, हे ताईला कधी कळलंही नसणार. मी सोडून दिली, तर ती संध्याकाळ कधी घडलीच नव्हती... मग मी कुणावर रागावले होते एवढी?

"मऊ आहे का?" भावोजी पुन्हा ओरडले.

उठायला हवं होतं. मुलगी खोळंबली होती. पण पाठीखाली हवा भरत चालली होती आणि ताईवरचा तो जुना, ओळखीचा राग तिला शोधूनही सापडेना. त्याच्या जागी जे होतं, त्याला काय म्हणायचं तेही कळेना.